शुक्रवारची सही

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. जावईबापूंस,

सप्रेम सलाम.

चार वर्षांत मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. 'जावईबापू' लिहिताना पेन जरा अडखळलं, पण लिहिलं एकदाचं. लग्नाला मी आले नाही म्हणून तुम्ही जावई झाला नाहीत, असं थोडंच आहे?

माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो कुणाचं ऐकतो? स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. चर्चमधल्या गाणाऱ्यांत मला आता मागच्या रांगेत बसवलंय, कारण आवाज चढत नाही. मी तिथे बसूनही पुढच्यांच्या चुका काढते. लेकीला सातवा महिना लागल्याचं कानावर आलं. तिनं कळवलं नाही. कळवावं असं मी वागलेही नाही.

पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण अपमान तुमचा केला होता. लग्नाआधी तुम्ही घरी आलात तेव्हा, तुम्ही पुलांची तपासणी करता हे ती कौतुकानं सांगत होती, आणि मी चहाचा कप पुढे करत विचारलं, "देव बघतोय असं ज्याला वाटतच नाही, तो माणूस कुणी बघत नसताना काय करील, याचा भरवसा काय?" तुम्ही म्हणालात, "भरवसा असा बोलून कसा देऊ, आई? दिवस जाऊ देत, तुम्हीच बघाल." मग चहा संपवलात, कप विसळून पालथा घातलात आणि गेलात. मला त्या कपाचाच जास्त राग आला होता. तुम्ही गेल्यावर मी लेकीला म्हटलं, त्याच्याशी लग्न केलंस तर या घराचं दार तुला बंद. ती गेली, आणि दार मी खरोखरच बंद ठेवलं.

आता कामावरची गोष्ट सांगते. आमचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात आहे. ऑपरेशनची हत्यारं आमच्याकडे येतात. ती धुवायची, मोजून ट्रेमध्ये लावायची, कापडात बांधायची आणि मोठ्या मशीनमध्ये वाफेवर ठेवायची. वाफ नीट पोचली का, हे मशीन एका कागदावर छापून देतं. तो कागद बघायचा, कार्डावर सही करायची, मगच ट्रे वर ऑपरेशन थिएटरला जातात. काम कंटाळवाणं, पण एक चूक झाली तर कुणाच्या तरी पोटात जंतू जायचे.

तिथे माझ्या हाताखाली एक जण होता. आम्ही त्याला वाफारे म्हणतो, कारण बावीस वर्षं तो वाफेतच उभा होता. पक्का नास्तिक. सकाळी पहिलं मशीन लावताना मी दारावर हात ठेवून प्रार्थना करते. तेवढा वेळ तो मान न वाकवता, पण न हलता उभा राहायचा. "आमेन झालं की सांगा ताई, तीन नंबर उघडायचंय," एवढंच बोलायचा. त्याला वाटेवर आणायचे मी कमी प्रयत्न केले नाहीत. तो माझ्या हातचा केक खायचा आणि वाट होती तिथेच सोडायचा.

गेल्या महिन्यात जुने कागद फाइलला लावताना त्याला दिसलं, की दोन आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी मधेच वाफ कमी पडली होती. मशीन थांबलं नाही, पण ट्रे कच्चे राहिले होते. कार्डावर सही होती, म्हणून त्यानं कागद न बघता ते वर पाठवले होते. अकरा ऑपरेशनं त्या हत्यारांनी झाली होती. अकराही माणसं बरी होऊन घरी गेली होती. कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. कागद फाडला असता तर विषय संपत होता.

वाफारे कागद घेऊन अधीक्षक मॅडमकडे गेला. "चूक माझी, त्या माणसांना बोलावून तपासा," म्हणाला. अकराही जणांना बोलावलं. रक्त तपासायच्या खोलीबाहेर बाक आहेत, तिथे ते बसले होते. आणि हा माणूस, कुणी सांगितलं नसताना, एकेकासमोर जाऊन उभा राहिला. मी जिन्याच्या काचेतून बघत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण प्रत्येकासमोर तेच तीन-चार शब्द, हे ओठांवरून कळत होतं. एका बाईनं त्याचा हात धरला. एक म्हातारे गृहस्थ उठून अंगावर धावले, छातीवर बोट ठोकत राहिले. ते दमले तसा यानं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, पाणी आणून दिलं, आणि पुढच्या माणसाकडे गेला.

जावईबापू, मी चाळीस वर्षं उपासनेला जातेय. अंगावर काटा यावा, आपण फार मोठ्या कशापुढे उभे आहोत असं वाटावं, म्हणून डोळे मिटून किती वाट पाहिली असेल. ते त्या दिवशी जिन्यात झालं.

नंतर मी त्याला विचारलं, "देव नाही म्हणतोस, मग हे कुणासाठी केलंस?"

तो म्हणाला, "त्या अकरा जणांसाठी. आणखी कुणी लागतं का?"

तपासात काही निघालं नाही. सगळे ठणठणीत. म्हणजे तो बोलला नसता तरी काही बिघडणार नव्हतं. त्याला मात्र आमच्या विभागातून काढून कपडे धुण्याच्या विभागात टाकलं. आता तो चादरींच्या गाड्या ढकलतो.

तेव्हा तुमच्याबाबतीत मी चुकले होते, हे कळवायला हे पत्र. मी येऊन लेकीला भेटू का? तुम्ही हो म्हणालात तर पुढच्या महिन्यात सुट्टी टाकते.

कळावे, लोभ ठेवावा, असं तुम्हाला कुठल्या तोंडानं लिहू? तरी लिहिते.

लेकीची आई


१९ ऑक्टोबर, रविवार, दुपार

जावईबापू,

मागचं पत्र पोचलं असेल. त्याला अजून उत्तर लिहिलं नसेल तर लिहू नका. लिहून पेटीत टाकलं असेल तर तुमचा नाइलाज, पण मी ते उत्तर धरणार नाही.

पत्र टाकून घरी आले आणि जेवण गेलं नाही. दोन दिवस स्वतःशी वाद घातला. पत्रात खोटं काही नव्हतं, असं मी म्हणत होते. नव्हतंच. 'कार्डावर सही होती' असं लिहून मी पुढे गेले होते. कुणाची सही, हे तुम्ही विचारणार नाही याची मला खात्री होती. तुम्ही कुठे आमच्या विभागात काम करता?

सही माझी होती.

आमच्याकडे सही फक्त मी करते. शुक्रवारी पाच वाजता चर्चमध्ये महिला मंडळाची प्रार्थनासभा असते आणि ती मी चालवते. शेवटचं मशीन साडेपाचला उघडतं. तेवढं थांबलं तर सभा बुडते. म्हणून गेली सहा वर्षं दर शुक्रवारी साडेचारला मी शेवटच्या मशीनच्या कार्डावर सही करून ठेवायची आणि पिशवी उचलून निघायची. देवाच्या कामाला तर जातेय, असं मनाला सांगायचे. सहा वर्षं काही झालं नाही, म्हणून ती सवय मला चूक वाटायचीच बंद झाली. त्या शुक्रवारी मशीनमध्ये वाफ कमी पडत होती, तेव्हा मी डोळे मिटून आजाऱ्यांसाठी प्रार्थना सांगत होते. हे लिहिताना माझे कान तापलेत.

वाफारे तो कागद घेऊन आधी मॅडमकडे गेलाच नव्हता. आधी माझ्याकडे आला होता. टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाला, "ताई, शुक्रवारचे ट्रे कच्चे गेलेत." मी बघितलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? म्हटलं, "सगळे बरे होऊन घरी गेलेत ना? मग देवानं सांभाळलं. आता उकरून काय मिळणार?"

तो म्हणाला, "देवानं सांभाळलं असेल ताई. पण त्या माणसांना सांगायला नको का?"

टोमणा नव्हता तो. खरोखर विचारत होता. मी म्हटलं, "तुला काय करायचं ते कर." त्यानं कागद उचलला आणि गेला.

मॅडमना त्यानं लिहून दिलं ते मी वाचलंय. चार ओळी आहेत. ट्रे वर पाठवायच्या आधी कागद पुन्हा बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, असं लिहिलंय. सहीबद्दल अक्षर नाही, आणि कार्डं तर ट्रे उघडले की टाकून देतात. मॅडमनी मला बोलावून विचारलं, "ताई, तुम्हाला हे माहीत होतं का?" मी म्हटलं, "आत्ताच कळलं." बस. तीस वर्षं रविवारी मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी, दोन शब्दांत मोकळी झाले. देव बघत होता, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तुम्हाला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं निघालं.

तुम्ही म्हणाल, आता सासूबाईंचा देवावरचा विश्वास उडाला असेल. तसं काही नाही, फार खूश होऊ नका. चांगुलपणा देवाकडून येतो हे मी आजही मानते, मरेपर्यंत मानीन. चूक पुढे झाली. जो देवाला हाक मारत नाही त्याच्याकडे देव जात नसणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. जशी काही त्याच्या दाराशी मीच बसलेय, कुणाला आत सोडायचं ते बघायला! तो माझ्या आधी किती घरांत जाऊन बसला असेल, आणि स्वतःचं नावही सांगितलं नसेल. तुमच्याही घरी. तुम्हाला हे पटणार नाही. पण मी मानते तसं मला लिहू द्या.

दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन तोंड न उघडणारा एकच मला ठाऊक होता. त्याच्यापुढे मी रोज गुडघे टेकते. गुरुवारी दुपारी धुण्याच्या विभागाच्या दारात उभी राहिले, तर वाफारे चादरींची गाडी ढकलत येत होता. घामानं निथळत, तोंडानं कुठलं तरी गाणं म्हणत. मला बघून म्हणाला, "सरका ताई, चाक पायावर जाईल." मी सरकले आणि भिंतीला टेकून रडले. दुःखानं नाही हो. एवढं मोठं काही इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटली. आजही वाटते.

आज उपासना संपल्यावर परस्पर त्याच्या घरी गेले. तो ओट्याशी कांदा चिरत होता. बायको बाहेर गेली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "उद्या सकाळी नऊ वाजता मी मॅडमकडे जाते. सहीचं सांगते."

त्यानं सुरी ठेवली. मनात म्हटलं, आता हा म्हणेल राहू द्या, झालं गेलं. तसं तो म्हणाला नाही. खरं सांगते, त्यानं म्हणावं असं मला वाटत होतं.

मी विचारलं, "तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"माझं सांगणं माझ्याकडे होतं, ते केलं. तुमचं तुमच्याकडे. तुमच्या वतीनं मी कसं सांगणार?"

"आणि मी कधीच सांगितलं नसतं तर?"

त्यानं खांदे उडवले. "मला वाटायचं, सांगाल."

मी जायला निघाले तर हात पुसत दारापर्यंत आला. "नऊ वाजता ना? मी येतो. बाहेर बाकावर बसतो."

"तू कशाला? तुझं तिथे काय काम?"

तो म्हणाला, "एकट्यानं जायला फार वाईट वाटतं हो ताई. मी गेलोय ना."

जावईबापू, रस्त्यानं घरी येताना मला त्या वाक्यापुढे एकही प्रार्थना सुचली नाही. नुसतं 'प्रभू, प्रभू' म्हणत चालत आले. लोक बघत होते.

नोकरी राहील की नाही, माहीत नाही. दोन वर्षं उरली होती. सही करायचा अधिकार तर जाईलच, आणि जायलाच हवा. त्या अकरा जणांसमोरही मला उभं राहायचंय. ते म्हातारे गृहस्थ माझ्याही अंगावर येतील, त्यांना येऊ दे. महिला मंडळालाही सांगणार आहे, आणि खरं तर मॅडमपेक्षा त्यांचीच धास्ती जास्त आहे.

मागच्या पत्रात मी येऊ का विचारलं होतं. तेव्हा मी तुम्हाला माफ करायच्या थाटात विचारत होते, हे लिहितानाही कळलं नाही मला. ते खोडून टाका. आता नव्यानं विचारते. अशी मी तुमच्या दारात आले, तर आत घ्याल का? हे पत्र लेकीला वाचून दाखवा. कशी आई आहे हे तिला कळू दे, मग काय ते तिनं ठरवावं. तुमचं उत्तर येण्याआधीच उद्याचं काम झालेलं असेल. तुम्ही नाही म्हणालात तरी मी मॅडमकडे जाणार, आणि हो म्हणाल म्हणून जात नाहीये. एवढं तरी माझ्यावर विश्वास ठेवून वाचा.

उद्या नऊ वाजता तुम्ही कुठल्या तरी पुलाखाली असाल. प्रार्थना करा असं तुम्हाला म्हणत नाही. एक मिनिट नुसती माझी आठवण काढा. मला तेवढं पुरेल.

तुमची, चालणार असेल तर,
सासू