आगळात बुडवलेला कार्बोरेटर

बाबा, मंगळवारी सकाळी मी जनरेटरचा कार्बोरेटर उघडला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी पान्याला हात लावला नव्हता. बँकेत बसून लोकांच्या सह्या तपासणाऱ्या बाईला पाना कशाला लागतोय? तुमची हत्यारांची पेटी तेवढी मी टाकली नाही. माळ्यावर होती, ती खाली काढली. झाकणाला गंज चढला होता, आतली हत्यारं मात्र तुम्ही तेल लावून फडक्यात गुंडाळलेली, तशीच्या तशी.

पहाटेच्या वादळाने आमच्या वाडीतले विजेचे खांब आडवे केले. आईला आता घरी ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. गुडघाभर उंचीचं एक घरघरणारं खोकं, त्यातून निघालेली नळी तिच्या नाकापर्यंत. ते विजेवर चालतं. नऊ वाजता इन्व्हर्टरने मान टाकली. घरात एक छोटा सिलिंडर होता, तो फार तर दोन तासांचा. बंदराकडच्या रस्त्यावर माड पडलेले, रिक्षा यायला तयार नाही, अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला की झाडं बाजूला झाल्याशिवाय आत कसा येऊ. बाजारातला मेकॅनिक म्हणाला, ताई, माझ्याकडे आधीच सात जनरेटर उभे आहेत, दुपारनंतर बघतो. दुपारनंतर बघून मला काय करायचं होतं? मी फोन ठेवला आणि मागच्या पडवीतला जनरेटर ओढत अंगणात आणला.

आता चूक कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला बरं. तो जनरेटर मी गेल्या पावसाळ्यानंतर एकदाही सुरू केला नव्हता. बंद करताना आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिनाला आपोआप मरू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उरत नाही, हे तुम्ही येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. मी नुसतं बटण बंद केलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, माझ्याकडे तेवढंही नव्हतं, मी कोणाला सांगतही नव्हते. दोरी पंधरा वेळा ओढली. प्लग काढून बघितला तर कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोल पुढे जातच नव्हतं. मग वाटी उघडली. तळाशी गुळाच्या पाकासारखा चिकटा, त्याला आंबूस घाण वास, आणि मधला पितळी जेट जागच्या जागी गच्च बसलेला. जेट म्हणजे एवढासा भोकाचा स्क्रू, पण सगळं पेट्रोल जातं ते त्या भोकातून.

आईची खाट मी दाराजवळ ओढून घेतली होती, म्हणजे काम करता करता तिच्याकडे लक्ष राहील. ती माझ्या हातांकडे बघत होती. ती तशी बघायला लागली की मला नेहमी चोरट्यासारखं होतं, आणि का होतं ते तुम्हाला कधी कळलं नाही. आज सांगते.

माझी बारावीची परीक्षा झाली होती, ते दिवस आठवा. मच्छी मार्केटच्या मागे तुमचं इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि आई रोज स्वयंपाक आटोपून तिथे यायची. दाराशी पाट टाकून बसायची आणि जेट साफ करायची. तांब्याच्या तारेची एक केसाएवढी काडी काढून ती भोकात फिरवायची, मग जेट आभाळाकडे धरून एक डोळा मिटून बघायची. तिला दिसायचं ते तुम्हाला भिंग लावूनही दिसत नसे. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, की ह्याने बायकोलाच मेकॅनिक केलं, आता हा घरी भाकऱ्या थापणार. तुम्ही हसायचात. पण ते हसणं दिवसेंदिवस आखूड होत चाललं होतं, हे मला दिसत होतं.

तेव्हा जत्रेत सोडा विकणाऱ्या एका माणसाच्या जनरेटरचा कार्बोरेटर तुम्ही घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी त्याला जत्रा गाठायची होती. जेट निघत नव्हता म्हणून तुम्ही तो रॉकेलात बुडवून ठेवलात. मला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवावं. चतुर्थीच्या आधी आई समई, तांब्या, घंगाळ सगळं कोकमाने घासायची आणि पितळ कसं सोन्यासारखं निघायचं. जेटही पितळेचाच. मी कार्बोरेटर रॉकेलातून काढला आणि बरणीतल्या आगळात बुडवला. कोकमाचं खारवलेलं आगळ, बाबा. आंबट आणि वर मुठीमुठीने मीठ. सकाळी जेट लखलखत होता, आणि ज्या पांढऱ्या धातूत तो बसला होता त्याला वाळवी लागल्यासारखी भोकं पडली होती. आपल्या मुलखाबाहेर कोणाला असली अक्कल सुचणार नाही.

तुम्ही तो हातात घेऊन स्वयंपाकघरात आलात. आई भाकरी थापत होती. कोणी केलं, एवढंच विचारलंत. मी कोपऱ्यात उभी होते, तोंड उघडलंही होतं. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुम्हाला म्हणाली, "माज्या हातसून झाला ता."

"भांडा आणि मशीन तुका एकच दिसता?" तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नव्हता. "फाल्यापासून दुकानात येव नको."

ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि नंतर कधीच नाही. सोडावाल्याला तुम्ही दुकानातला स्वतःचा जनरेटर देऊन जत्रेला पाठवलंत, त्याचं काही अडलं नाही. अडलं ते आईचं. तुम्ही एकदा तिच्या हातांकडे बघितलं असतंत तर कोपरापर्यंत तांदळाचं पीठ दिसलं असतं, आणि माझ्या हातांकडे बघितलं असतंत तर बोटं कोकमाने लाल. पण मला वाटतं, तुम्हाला निमित्तच हवं होतं. हे मी रागाने लिहीत नाही. नाही, थोडं रागानेच लिहिते आहे.

आठ दिवसांनी तुम्ही मला म्हणालात, चेडवा, बस गो जरा, जेट साफ करून दे. मी तिच्या पाटावर बसले. बँकेची नोकरी लागेपर्यंत चार वर्षं बसले. माझ्या हाताला वळण आहे असं तुम्ही लोकांना कौतुकाने सांगायचात आणि मी ते ऐकून घ्यायचे. आई घरी रिकामी बसणारी नव्हती. तिने परसात चूल मांडली आणि काजू भाजायला घेतले. भाजताना काजूच्या टरफलातून तेल उडतं, त्याचा काळा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, कपड्यांतून दोन दोन धुण्यांत निघत नाही. वीस वर्षं तिने ते केलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, घरात कोणी विड्या ओढायचं का? ती नाही म्हणाली. चुलीचं मी सांगितलं. आगळाचं कसं सांगणार?

तर मंगळवारी तो जेट. मी पेचकस लावला आणि उलटा फिरवला. हलला नाही. जोर केला तर पेचकस सटकला आणि जेटच्या खाचेची एक कड उडाली. अजून एकदा सटकला असता तर खाच मेली असती आणि मग जेट कोणाच्याच बापाला निघाला नसता. सिलिंडरचा काटा लाल रेघेकडे आला होता. देवाचं नाव घेत होते की तुम्हाला शिव्या देत होते ते आता आठवत नाही.

तेव्हा आई खाटेवरून म्हणाली, "ऊन पाणी घाल. मगे आदी वायच घट कर, आणि मगे सोडव."

मी चमकले. ही तर तुमची विद्या. अडकलेला स्क्रू आधी केसभर आणखी आवळायचा, म्हणजे धरलेला गंज तुटतो, आणि मग सोडवायचा. हे तुम्ही मला पाटावर बसवून, इकडे तिकडे बघून, गुपित सांगावं तसं सांगितलं होतंत. दुसऱ्या मेकॅनिकांना सांगू नको म्हणाला होतात. मी आईला म्हटलं, तुला बाबांनी सांगितलं वाटतं.

"ता मीच तेंका सांगितलेलंय," ती म्हणाली. दोन श्वास घेतले. "लोणच्याच्या बरणीचा झाकण मी तसाच काडतंय."

मी चुलीवरचं ऊन पाणी घातलं, पुसलं, पेचकस नीट बसवला आणि जेट आधी आवळला. काही जाणवलं नाही, फक्त किंचित कुरकुर. मग उलटा फिरवला आणि तो लोण्यातून यावा तसा आला. तांब्याची तार फिरवली. माझ्या चष्म्यातून भोक दिसेना, म्हणून जेट तिच्या हातात दिला. तिने तो दाराच्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, आणि परत दिला. "आजून आसा. वरच्या अंगाक." मी पुन्हा तार फिरवली. तिने पुन्हा बघितलं आणि मान हलवली. जेट आणि वाटी परत बसवली, स्कूटरमधलं ताजं पेट्रोल काढून घातलं, धूर आत येऊ नये म्हणून जनरेटर अंगणाच्या पार टोकाला ओढला, त्या अंगाची खिडकी लावली, आणि चौथ्या ओढीला जनरेटर लागला. यंत्र घरघरायला लागलं तेव्हा मी उंबऱ्यावर बसून रडले. बऱ्याच वर्षांनी एवढी रडले.

तिचे निळे पडलेले ओठ पुन्हा माणसासारखे दिसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "आये, तो कार्बोरेटर आगळात मीच बुडयलेलंय."

"माका तवाच म्हायत होता," ती म्हणाली. हे मलाही माहीत होतं. तरी बोलून टाकल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. पण नळी नाकाशी नीट करत तिने विचारलं, "तुजे बाबा मागसून कदी काय म्हणालेले काय गो? माज्याबद्दल?"

म्हणजे एवढी वर्षं ती हे विचारायचं मनात धरून होती. मी म्हटलं, म्हणाले होते. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, तिचो हात माज्यापेक्षा बरो होतो.

"तेंच्यापेक्षा?"

मी हो म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं.

हे वाचायला तुम्ही नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी होते, बाबा. तुम्ही दुकानाच्या कुलपाबद्दल बोललात, कोणाचा तरी पंप द्यायचा राहिला होता त्याबद्दल बोललात, पेज खारट झाली म्हणालात. तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. काल शेजारीण जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा आईने तिला तुमचं ते वाक्य सांगितलं. शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली.