रजिस्टर न उघडणारी समिती

बीड,
२१ जानेवारी २०२५

ती. बंकटदादांस,

वनमालाचा नमस्कार. वहिनींचा खोकला आता थांबला असेल. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यात थेंब मीच घालते. पेपरातला तुमचा फोटो तिला दाखवला. खाली छापलं होतं, 'फोनच्या माहितीच्या गैरवापरावर विधिमंडळ समितीची करडी नजर'. ते मात्र वाचून दाखवलं नाही.

ती करडी नजर मी जवळून पाहिली. पोलीस ज्या कक्षातून लोकांच्या फोनची माहिती मागवतात, तिथं मी सात वर्षं नोकरी करते. तुम्ही सात आमदार आलात आणि बावीस मिनिटांत गेलात. एकानं एसी किती टनाचा ते विचारलं, दुसऱ्याला हुरड्याला जायची घाई होती. परवानगी दोन नंबरांची आणि मागवलेले तीन, रजिस्टरातल्या अशा पानांना मी मुद्दाम खुणा लावून ठेवल्या होत्या. अध्यक्षांनी ते उघडलंच नाही, त्यावर चहाचा कप ठेवला. शाळा तपासायला आलेला साहेबसुद्धा निदान एखाद्या पोराला पाढा म्हणायला लावतो.

तुम्ही म्हणालात, "आमची वनमाला हाय की इथं. काळजी न्हाई."

सगळे हसले, सह्या झाल्या. मीही हसले, दादा.

दिंद्रुडच्या सुकन्याची तब्येत बरी नाही, असं मी तुम्हाला फोनवर म्हणाले होते. ते अर्धंच होतं. गायरानावर मेंढरं चारणाऱ्यांच्या बाजूनं ती ग्रामसभेत तुमच्याविरुद्ध उभी राहिली, तेव्हा तुमचा मला फोन आला होता. "लई बोलती ती. कुणासंगं बोलती, एवढं बघून दे." मी लेखी हुकूम मागितला नाही. मोटार चोरीच्या एका तपासातल्या नंबरांत तिचा नंबर घुसडला आणि तिच्या पाच महिन्यांच्या कॉलची यादी तुम्हाला पाठवली. आपला भाऊ आमदार आहे, याचा तेव्हा अभिमान होता.

त्या यादीत दर मंगळवारी अंबाजोगाईच्या मानसोपचार डॉक्टरांना एक फोन होता. तिचं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हापासून ती औषधं घेत होती. घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या ग्रामसभेत तुमच्या मागंमागं फिरणाऱ्या पप्पूनं माईक घेतला. "डोक्याच्या गोळ्या खाती ही. हिचं काय ऐकता?" लोक हसले. सुकन्यानं औषधं सोडली आणि उंबऱ्याबाहेर यायचंही सोडलं.

परवा रविवारी मी तिच्याकडं गेले. तिच्या आईनं, दगडाबाईंनी, मला पाणी दिलं. ते पिण्याआधीच मी सगळं सांगितलं. सुकन्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माफी मागून काय व्हतंय? हेच कागदावर लिहून द्या."

दिलं. तुमच्या फोनची तारीख, वेळ, मी केलेलं काम, सगळं. सातही सदस्यांना आणि माझ्या साहेबांना आज रजिस्टर पोस्टानं पाठवलं, एक प्रत सुकन्याला. मी निलंबित होईन, कदाचित गुन्हाही दाखल होईल. वकिलाला विचारून ठेवलंय.

आईला मीच सांगेन. तुम्ही सांगाल त्यात माझंच डोकं फिरलेलं असेल. ती युक्ती तुम्हाला आता जमलेली आहे.

या पत्राला घरी उत्तर धाडू नका. मला समितीपुढं बोलवा आणि तिथं माझ्यासमोर बसून उत्तर द्या.

तुमची पाठची बहीण आणि या प्रकरणातली पहिली आरोपी,
वनमाला