आईला कोण सांगणार?

प्रिय दादा,

काल टीव्हीवर झकास दिसलास. आरोग्य-नीतिमत्तेच्या राष्ट्रीय सल्लागार समितीचा अध्यक्ष शोभलास. ‘आजार काय आहे, हे पेशंटपासून लपवू नका,’ असा सल्ला तुम्ही सरकारला दिलात म्हणे. आई उशीला टेकून कौतुकाने ऐकत होती.

आणि लगेच फोनवर मला दम दिलास, “आईसमोर कॅन्सरचं नाव काढायचं नाही. अल्सर म्हण. ती खचेल.” डॉक्टरांचंही तोंड तूच बंद केलंस. अध्यक्षसाहेबांपुढे ते बिचारे काय बोलणार?

देशभरातल्या आया खंबीर आणि आपलीच तेवढी काचेची? दादा, ती नाही खचणार. तिच्यासमोर बसून बोलायला तुझीच तंतरते.

आज मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, “पोरी, त्या अध्यक्षांना विचार ना, मला झालंय काय? त्यांच्या सल्ल्यात मी बसत नाही का?” मी कंगव्यातले केस काढत राहिले.

हे पत्र पाठवत नाही. तू त्यावरही उपसमिती नेमशील. आता आत जाऊन तिला सगळं सांगते. मग फोन तिच्याच हातात देईन. तेवढा उचल.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
धाकटी