सगळ्यांच्या मोटारी एकदम उठतात

अण्णा, तुम्ही स्टार्टरला बसवलेल्या त्या ऑटोविषयी आज लिहायचं आहे. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारी ती एवढीशी डबी. गावात पहिला ऑटो तुमचाच, आणि पुढे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर थांबवून तुम्ही तो दाखवायचात. अवेळी शेतात जायची तकलीफ गेली म्हणून गावानेही तुम्हाला डोक्यावर घेतलं. मग बघता बघता प्रत्येकाने ऑटो बसवला. तेव्हापासून लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आपल्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरला तो भार झेपत नाही आणि फ्यूज उडतो. वायरमनची वाट बघायला कुणाला सवड नसायची. वाळक्या बांबूला तारेचा आकडा बांधून तुम्हीच फ्यूज टाकायला जायचात.

मी शाळेत होते तेव्हाची एक दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. विहिरीत पाणी पार तळाला गेलंय, मोटार ओढतेच आहे, आणि मी जाऊन बटण दाबते. तुम्ही हळदीच्या वाफ्यातून ओरडत येता. "काहून बंद केलीस?" मी म्हणते, "थोडं उद्याला राहू द्या की, अण्णा." तुम्ही कपाळावर हात मारता. "उद्याला? शेजारचा ठेवून राहिला का उद्याला? आपली बंद झाली की त्याची मोटार खालून आपलंच पाणी ओढंल. अन् लाईटीला मीटर तरी कुठं हाय?" मी रुसून बसले. संध्याकाळी तुम्ही माझ्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या, आणि त्या गरम शेंगा मी रडत रडत खाल्ल्या.

पुढे मी परभणीला शिकत असताना तुम्ही असाच फ्यूज टाकायला गेलात. वीज तोडायचं खालचं हँडल ओढलेलं होतं, पण वरचं एक पातं चिकटूनच राहिलं होतं आणि तार जिवंत होती. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हसत हसत फोन उचलला होता. ते हसू मला कधीच माफ करता आलं नाही.

आणि आता तुमच्या लेकीची नोकरी बघा. आपल्या सरकारचा आणि एका दूरच्या देशाचा वीज वाचवायचा करार झाला आहे, त्यात मी हिंगोलीच्या कार्यालयात आहे. शेतकऱ्याला कमी वीज खाणारी मोटार द्यायची, मीटर बसवायचं, वीज वाचवणाऱ्याला मोबदला द्यायचा आणि मग हळूहळू विजेला तिचा खरा भाव लावायचा. काल दुपारी आपल्याच गावात, देवळाच्या मंडपात, त्याची बैठक होती. त्या देशाची एक बाई आली होती. ती बोलायची आणि मी मराठीत सांगायची. कुणीतरी विचारलं, तुमच्याकडं समदे देश भाव वाढवायला तयार हायत का? ती म्हणाली, सगळे देश एकत्र बसतात, उधळपट्टी वाईट हे सगळ्यांना पटतं, पण आपण आधी भाव वाढवला तर शेजारचा आपले कारखाने ओढून नेईल, म्हणून जो तो दुसऱ्याची वाट बघतो. मी हे सांगितलं आणि मागून एक म्हातारबा म्हणाले, "म्हंजे तिकडं बी ऑटोच हाय म्हना!" मंडप हसला. मीही हसले.

तेवढ्यात लाईट आली. मंडपातला पंखा दोन गिरक्या घेऊन मंदावला, दिवा लालसर झाला, शिवारातून मोटारींचा तो भरलेला घुमारा आला आणि डीपीकडे धाडकन आवाज झाला. पाहुणीने घाबरून माझा हात धरला. बाकी कुणी मानसुद्धा वळवली नाही. मला भीती वाटली ती त्या न वळलेल्या मानांची.

माझा धाकटा भाऊ उठला. तुमचाच बांबू, आकडा तेवढा नवा. मी मागे धावले. "वायरमनला फोन लाव की!"

"तो येईपर्यंत हळद सुकून जाईल, ताई." मग चालता चालता थांबून म्हणाला, "तू येवढं सांगून राहिलीस, तर आपला ऑटो आजच काढू का? आपल्यापासून सुरू करू."

मी हळदीकडे पाहिलं. बांधापलीकडे शेजाऱ्याची हळद आपल्यापेक्षा हिरवी होती. मी म्हणाले, "राहू दे. समद्यांनी काढला की काढ."

"बराबर हाय," तो म्हणाला आणि बांबू खांद्यावर टाकून डीपीकडे गेला. हँडल ओढलं. वर बघितलं की नाही, मला लांबून दिसलं नाही. मंडपात पाहुणी माझी वाट बघत होती आणि माझे पाय तिथेच रुतले होते. तो परत आला. काल आला. आज पुन्हा लाईट येईल.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण फोटो धाकटाच पुसतो. त्याच्या हाती लागलं तर तो कुणाची वाट न बघता ऑटो काढून टाकील. आणि अण्णा, तुमच्यापासून काय लपवू, हळद निघेपर्यंत त्याने तो काढू नये असं मला आजही वाटतंय.