रिकाम्या टाकीला खाऊ

२ फेब्रुवारी

चि. गबाळूस अ. उ. आ.

फोन करत जा म्हणतेस, पण फोन केला की तुझी लेक तुझ्या खांद्याशी उभी, आणि तू हो आणि बरं यापलीकडे तोंड उघडत नाहीस. त्यापेक्षा पत्र बरं. माझ्या बबड्याने तुमच्याकडे फोन करून काय तारे तोडले ते कळलं. मी वेडी झालेली नाही.

खरी हकीकत अशी. हे गेल्यापासून बाहेरची खोली खायला उठते, म्हणून मी फिश टँक आणला. चांगला ऐसपैस, तळाला खडी, कोपऱ्यात फिल्टर बुडबुडतोय. मासे मात्र नाहीत. दुकानातल्या बाईंनी बजावलं की नव्या पाण्यात मासे सोडाल तर ते स्वतःच्याच घाणीच्या विषाने मरतील. ते विष खाऊन टाकणारे बारीक जिवाणू आधी फिल्टरच्या स्पंजात वसावे लागतात, आणि ते वसायला रोज चिमूटभर माशांचा खाऊ पाण्यात टाकून कुजू द्यायचा. महिना-दीड महिना धीर धरायचा. मी खाऊ टाकत होते आणि नेमके बबड्या आणि सूनबाई दारात. आई रिकाम्या टाकीला खाऊ घालते आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. मी सगळं समजावून सांगितलं, तर दोघं एकमेकांकडे अशी बघायला लागली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं! आता आईला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, जागा भाड्याने देऊ, मार्चअखेर टेम्पो घेऊन येतो, असं साहेबांनी जाहीर केलं. विचारलं नाही हं, जाहीर केलं. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तू येशील त्या दिवशी या टाकीत मासे सुखाने पोहत असतील तर टेम्पो रिकामा परत न्यायचा. नसतील तर मी मुकाट्याने पुढच्या सीटवर येऊन बसेन. हसत हसत कबूल झाला. हसू दे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी जन्मभर मुकादमीण होते, भल्याभल्यांना सरळ केलंय.

तुझी टाकी कशी आहे? अजून तशीच हिरवीगार गटार? काचा घास गं कधीतरी! आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग परत एकदा नीट वाचलं. या वयात पैजा कसल्या लावतेस? बबड्या वाईट नाही गं. जा ना त्याच्याकडे. मी नाही का आले लेकीकडे? सगळं हातात मिळतं. सकाळी चहा, दुपारी गोळ्या, संध्याकाळी टीव्ही, म्हणजे त्यांना बघायचा असेल तो. गुडघ्यामुळे एकटीने जिना उतरायचा नाही, बाकी बंधन म्हणशील तर काही नाही. माझं घर आवरलं तेव्हा भांड्यांचं कपाट कुणाकडे गेलं, ते विचारायचं राहूनच गेलं. आता काय विचारायचं म्हणा.

माझी टाकी मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे. हिरवी आहे, घाण आहे, आणि माझे दोन म्हातारे मासे तिच्यात खुशाल आहेत, कळलं का? स्पंज मी नळाखाली कधीच धरत नाही, टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळते आणि परत लावते. तू याला जन्मभर आळस म्हणत आलीस. लेक म्हणते ती जागा आता लागणार आहे, मासे कुणाला तरी देऊन टाकू. मी बरं म्हटलं. माझं बरं तुला माहीतच आहे.

तब्येतीला जप, आणि बबड्याशी फार ताणू नकोस. माझ्यावर रागावलीस तरी माया सोडू नकोस.

तुझी गबाळू


५ मार्च

चि. गबाळूस अ. उ. आ.

गबाळू, मी माती खाल्ली.

सगळं छान चाललं होतं. माझ्याकडे तपासायचे थेंब आहेत. बाटलीत टाकीचं पाणी घेऊन त्यात ते टाकायचे. विष असेल तर पाणी हिरवं होतं, नसेल तर पिवळं. चांगलं पिवळं यायला लागलं होतं. म्हणून मी कौतुकाने फिल्टर उघडला, तर आत तो स्पंज! तपकिरी, बुळबुळीत, हातात धरवेना. तुझं पत्र आलेलं, त्यात तू तुझी पद्धत लिहिलेली, मी वाचलेली. पण वाचून उपयोग काय? आयुष्यभर चादरी उकळलेले हात हे. डोक्याला विचारायला थांबलेच नाहीत. पातेल्यात पाणी ठेवलं, स्पंज खदखदून उकळला, पिळला, उन्हात वाळवला. नव्यासारखा निळा झाला, आणि मी खुळी त्याच्याकडे बघत खूश होऊन बसले. एवढ्या दिवसांत वसलेले सगळे जिवाणू माझ्या हाताने मेले. काल पाणी हिरवंगार आलं.

दुकानातल्या बाईंनी कपाळाला हात लावला. नव्याने सुरुवात करा म्हणाल्या. एखाद्या जुन्या टाकीचा मळका स्पंज मिळाला तर काम लगेच होतं, पण त्यांच्या टाक्यांमध्ये सध्या रोग शिरलाय, तिथलं पाणीसुद्धा त्या कुणाला देत नाहीत. समोरच्या मास्तरीणबाईंनी तोड सुचवली की बबड्या यायच्या आदल्या दिवशी दुसरीकडून मासे आणून सोडा, तेवढ्यापुरते जगतील, पुढचं पुढे. मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. माझं घर राहावं म्हणून मुक्या जिवांना विषात सोडू? बबड्याला कळणार नाही, पण मला कळेल ना!

तेव्हा टेम्पोत बसेन. शब्द दिलाय. पण ताठ बसेन, आणि आधी सगळ्यांसमोर सांगेन की मला यायचं नाही, मला नेताहेत. तुझ्या त्या कपाटासारखं माझं काही गुपचूप जाणार नाही. मी रडले वगैरे नाही. खरं सांगू? रडले गं. हे घर सोडायच्या विचाराने जीव नुसता कासावीस होतो.

तुझी माया असू दे, सध्या तिची गरज आहे.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

घाण हवी ना तुला? माझ्याकडे कित्येक वर्षांची साठली आहे!

स्पंज वाळला की मेला, त्यामुळे पोस्टाने येणार नाही. मीच घेऊन येते. लेकीला सांगितलं तर म्हणाली, एकटी कशी जाशील, पुढच्या महिन्यात सुट्टी काढते. मी नाही म्हटलं. ताई, या घरात माझ्या तोंडून नाही निघालं! जावईबापूंनी टीव्हीचा आवाजच बंद केला. लेक रडवेली झाली, मलाही वाईट वाटलं, पण नाही ते नाहीच.

मोठा झाकणाचा डबा घेतलाय, झाकणाला भोकं पाडलीत. त्यात टाकीचं पाणी, स्पंज आणि माझे दोन्ही मासे. स्पंज नेला तर ते इथे कशावर जगतील? आणि त्यांना देऊन टाकायला मी आता बरं म्हणणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या बसने निघते. तुझ्या जिन्याखाली उभी राहा, मला हात दे, पण डब्याला हात लावू नकोस. मी पोचेपर्यंत घरात काहीही उकळायचं नाही, चहा सोडून.

कधी नव्हे ती मी तुला दटावते आहे, तर रागावू नकोस. बाकी भेटीअंती.

तुझी गबाळू


२६ मार्च

चि. बबड्यास अ. उ. आ.

मासे पोहताहेत. दोन आहेत, म्हातारे, एकाचं शेपूट कुरतडलेलं, पण सुखाने पोहताहेत. मासे मावशीचे, स्पंजही मावशीचा. कुठून आणायचे हे काही आपलं ठरलं नव्हतं, तेव्हा कुरकुर करू नकोस. ती आली तेव्हा टाकीतलं पाणी बदलून तिचा स्पंज लावला, तेव्हापासून रोज थेंब टाकून बघतो, पाणी पिवळं ते पिवळंच. विश्वास नसेल तर येशील तेव्हा स्वतः टाकून बघ. काचा घासायच्या नाहीत असा मावशीचा हुकूम आहे आणि मी तो पाळते. मी कुणाचं तरी ऐकते हे सूनबाईंना जरूर सांग.

तुला माझी काळजी वाटते हे काय मला कळत नाही? मी पडले, मला काही झालं तर, या विचाराने तुला झोप येत नसेल. तू माझा लेक आहेस, काळजी कर. पण मला विचारून कर. माझी जागा, माझे दिवस, यांचं माझ्या पाठीमागे ठरवायचं नाही. आणि आता मी एकटीही नाही. मावशीला म्हटलं, हवं तेव्हा परत जा. ती म्हणाली, जायचं नाही. परवा तिच्या लेकीचा फोन आला तो तिने आतल्या खोलीत जाऊन, दार लावून घेतला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आल्या आल्या मला म्हणाली की खाऊ जास्त टाकतेस, हात आवर. दोघी खूप हसलो.

टेम्पो मात्र रद्द करू नकोस. तो घेऊन आधी मावशीच्या लेकीकडे जा. तिला कळवलंय. पलंगाखाली मावशीची ट्रंक आहे आणि मागच्या गॅलरीत तिची टाकी. दोन्ही इकडे घेऊन ये. टाकी धुऊ नकोस.

येताना सगळे या, जेवूनच जा. राग आला असेल तर तो घेऊन ये, पण ये.

तुझी आई