बारा गुंठ्यांची पायवाट

मी, मुक्ताई हिंमतराव कुंजीर, वय सहासष्ट, राहणार मांजरी, पुणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. दुपारी डोळा लागला की उसाची सळसळ ऐकू येते आणि माझे यजमान पाटाच्या कडेने चालत जाताना दिसतात. जाग आल्यावर खिडकीबाहेर इमारतीच असतात. स्वप्न कोणते आणि जाग कोणती हे मला कळते, म्हणून माझी अक्कल शाबूत आहे असे समजावे.

१. सहाव्या मजल्यावरची सदनिका माझा मुलगा शंभू व सून अपेक्षा यांना समान हिश्श्याने मिळावी. शेत विकले तेव्हा ही आली. सोबत मोटार आली, सोफा आला, रोजचे फरसाण आले. दिवसभर पायांवर असणारे यजमान दूध आणायलाही मोटारीने जाऊ लागले. तंबाखू तेवढी जुनीच राहिली. छातीत जळजळले की म्हणत, "पित्त आहे गं, सोडा दे." हृदयाचे दुखणे बंगलेवाल्यांचे, असेच आम्ही समजत होतो. एकदा मला घ्यायला स्वारगेटला निघाले आणि वाटेत सिग्नलला स्टिअरिंगवर डोके टेकून गेले. वय चोपन्न. त्यांचे वडील नव्वदीत, झोपेत गेले होते.

२. माझे दागिने अपेक्षाचे. शंभूचा दिवस संगणकासमोर आणि हडपसरच्या धुरात जातो, जेवण बाहेरून येते. गेल्या वर्षी त्याचा डावा हात दुखू लागला. तोही म्हणाला, "ॲसिडिटी आहे." अपेक्षा म्हणाली, "ते डॉक्टरांना सांग," आणि तिने शेजारच्या यास्मिनच्या गाडीतून त्याला इस्पितळात नेले. स्टेंट घातला. एकोणचाळिसाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, हल्ली याच वयाचे येतात.

३. दीर महिपती यांना माझ्याकडून काही नाही. यजमानांच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत त्यांनी उरलेली जमीन बघायला बिल्डर आणला. यापुढेही ते असेच वक्तशीर राहोत.

४. ती उरलेली जमीन, बारा गुंठे, माझ्या नावची, अपेक्षाला मिळावी. तिथे कसलेही बांधकाम करू नये. झाडे लावावीत, कडेने पायवाट ठेवावी, आणि आसपासच्या इमारतींतल्या सगळ्यांना फाटक उघडे असावे.

हे ऐकून शंभू म्हणाला, "आई, एवढ्याशा जागेत चालणार कोण?"

"तू," मी म्हणाले.

तो उठून गेला.

५. आज सकाळी जमिनीच्या मोजणीसाठी माणूस यायचा होता. शंभू मोटारीची किल्ली न घेताच खाली उतरला. मी खिडकीतून पाहत होते. धुक्यात रस्ता अर्धाच दिसत होता. मध्येच तो थांबला आणि त्याचा हात छातीवर गेला. माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्याने वरच्या खिशातून फोन काढला, बंद करून परत ठेवला, आणि धुक्यात पुढे चालत गेला.

मग मी सहीला बसले.

सही: मुक्ताई हिंमतराव कुंजीर

मुक्ताईंनी आम्हा दोघींच्या समोर, वाचून पाहून सही केली:
१. यास्मिन सिराज तांबोळी
२. इंदुबाई दगडू थोरात

मांजरी, पुणे. १४ डिसेंबर २०२४