चुलीकडे वळलेलं पान

बाबा, तुमचा छापखाना आता राहिला नाही. वर्ध्याच्या त्या गल्लीत आता तयार कपड्यांचं दुकान आहे, आणि ज्या जागी तुम्ही दिवसभर उभे राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचात, नेमका तिथं माणसाएवढा आरसा लावलाय. मागच्या महिन्यात नातीबरोबर गेले होते. ती एकेक कुडता अंगाला लावून आरशात बघत होती आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून एकटीच हसत होते. ती म्हणाली, काय झालं आजी? तिला काय सांगणार! आरशावरून त्याच जागी मी तुमची बोलणी खाल्ली होती. तुम्हाला डबा द्यायला यायचे तेव्हाची गोष्ट. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात म्हणून मला वाचता येईनात, तर मी शहाणपणा करून मायचा छोटा आरसा ओढणीत लपवून आणला आणि तुम्ही जुळवलेल्या ओळींसमोर धरला. तुम्ही तो काढून घेतलात. "आरसा कायले पाह्यजे तुले? डोये नाई का?" मग माझं बोट धरून एकेका खिळ्यावरून फिरवलंत. शिशावर उलटं असतं तेच कागदावर सुलटं उमटतं, हे मला तिथं कळलं. तुमच्यासाठी मात्र उलटं असं काही उरलंच नव्हतं. सारा जन्म उलट्या अक्षरांकडे बघण्यात गेला, तेच तुम्हाला सुलटं दिसायचं. मला तेव्हा त्याचा कोण अभिमान होता.

आपण नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्यानंतरचं वर्ष. मायनं घरातले देव आधीच धाम नदीत सोडले होते आणि भिंतीतली देवळी रिकामी पडली होती. तिला ती रिकामी देवळी बघवेना. एके दिवशी पवनारहून येताना तिनं पिंपळाचं पान आणलं, देवळीची माती नव्यानं सारवली आणि त्यावर चुन्यानं ते पान काढलं. मायला अक्षर येत नव्हतं, पण हात असा की रेघ एकदा ओढली की ओढली. पानाचा लांब शेंडा तिनं डावीकडे वळवला. डावीकडे चूल, उजवीकडे दार. मी विचारलं, काऊन वाकडा केला? ती म्हणाली, "वाकडा नाई बाई, घरात वयला हाये. तू त जाशीन दारातून. पान तरी आत पाह्यत राहीन." माझं लग्न समुद्रपूरच्या मास्तरांच्या घरी ठरत आलं होतं. मी लाजून पाणी आणायला निघून गेले. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम सुटतं.

तेव्हाच तिचा खोकला वाढला होता. कापसाच्या जिनात सरकी वेगळी करता करता तिच्या छातीत काय काय जाऊन बसलं होतं कोण जाणे. सेवाग्रामच्या दवाखान्यात दोनदा नेलंत, डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि येताना टांग्यात तुम्ही तिच्या पाठीला हात लावून बसलात. त्या संध्याकाळी देवळीसमोर पडल्या पडल्या मायनं विचारलं, "काहो, आपल्या पोरीच्या पत्रिकेवर वरती काय राहीन जी?" तुमच्या खिळ्यांच्या केसमध्ये लग्नपत्रिकेसाठी गणपती होता, कलश होता, सनई-चौघडा होता. आपल्यासाठी काहीच नव्हतं. तुम्ही देवळीकडे बघितलंत आणि म्हणालात, "हे राहीन. तुह्यं पान." माय इतकी हसली की तिला ठसका लागला.

चित्राचा तयार ब्लॉक करून घेतला असता तर आठवड्यात नागपूरहून आला असता. छापखान्याचे मालक तेच म्हणत होते. पण तुम्हाला ब्लॉक नको होता. ब्लॉक एका कामाचा, तुम्ही म्हणालात, खिळा केसमध्ये राहतो. अक्षरांच्या शेजारी त्याला स्वतःचा कप्पा मिळतो, आणि उद्या आपल्यातल्या कुणाचीही पत्रिका आली की कंपोझिटरचा हात सरळ तिथं जातो. मालक भले, तयार झाले. मुंबईच्या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीला नमुना पाठवायचा, ते साचा कोरणार, शिसं ओतणार आणि पानाचे खिळे पार्सलनं येणार. तुम्ही देवळीवर पातळ कागद धरून पान उतरवून घेतलंत. मग तो कागद पालथा करून मागून शाईनं पक्की रेघ ओढलीत आणि तोच नमुना म्हणून पाकिटात घातलात. मी शेजारीच बसले होते. मला काही खटकलं नाही. तुम्हाला तर खटकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण खिळ्यावर पान असंच दिसायला हवं होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. माय उन्हाळाभर त्या वाट बघण्यावरच जगली असं मला वाटतं. भाकरीचा तुकडा मोडवत नव्हता, पण तुमच्या चपलांचा आवाज आला की मान वळवायची. "आलं का जी?" तुम्ही म्हणायचात, "नाई अजून." ती म्हणायची, "येईन. बंबई काय जवय हाये का?" आणि तुमचीच समजूत काढायची. शेजारणी आल्या की त्यांना सांगायची, माह्यं पान बंबईले गेलं. स्वतः ती नागपूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

पार्सल आलं त्या दुपारी मी डबा घेऊन आले होते. तुम्ही सुतळी कापली, कागद सोडवला, एक खिळा उचलून उजेडाकडे धरला, आणि तुमचा चेहरा उतरला. अजून प्रूफही काढलं नव्हतं. तरी तुम्ही शाई लावलीत, कागद ठेवून दाबलात, उचललात. पान सुरेख उमटलं होतं. शीर न् शीर दिसत होती. फक्त शेंडा उजवीकडे होता. फाउंड्रीला नमुना द्यायचा तो जसा छापून हवा तसा. खिळ्यासाठी उलटा करण्याचं काम त्यांचं. ते तुम्ही आधीच करून ठेवलं होतंत, त्यांनी पुन्हा केलं, आणि मायचं पान चुलीकडे पाठ करून दाराकडे निघालं. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं नसतं, बाबा. ज्याला उलटं तेच सुलटं दिसतं, त्याच्याच हातून व्हायचं ते झालं. मालक म्हणाले, चालून जाईल, कुणाला कळणार आहे? तुम्ही कागद चुरगाळून खिशात घातलात. मला म्हणालात, "मायले सांगू नको, बाई. मी दुसरे मंगवतो."

त्या संध्याकाळी चपलांचा आवाज आला, तिनं मान वळवली, विचारलं, आणि तुम्ही दारातच उभे राहून म्हणालात, "नाई आलं." मी चुलीपाशी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तिनं नेहमीसारखीच तुमची समजूत काढली.

दुसरं पार्सल यायच्या आत ती गेली. शेवटच्या सकाळी तिला बोलवत नव्हतं, तरी तुम्ही पाणी पाजायला वाकलात तेव्हा तिनं भुवया उंचावल्या. काय विचारते आहे ते आपल्या दोघांनाही कळलं. तुम्ही मान हलवलीत. नाही, अशी.

नवे खिळे आले. शेंडा बरोबर चुलीकडे. माझी पत्रिका त्याच पानानं छापली, सगळ्यांनी नावाजली, आणि मी लग्नाच्या मांडवात तुमच्याशी बोलले नाही. पुढे तुम्हाला हवं होतं तसंच झालं. आपल्यातल्या घराघरांतून तुमच्याकडे पत्रिका येऊ लागल्या आणि समुद्रपूरला माझ्या हातात ते पान वारंवार पडू लागलं. मी पत्रिका पालथी ठेवायची. सासूबाईंना वाटायचं, हिला लग्नांचा कंटाळा. एकदा तुम्ही मला भेटायला आलात, बसला उशीर होता, ओट्यावर आपण दोघंच होतो, आणि मी एकदाचं विचारून टाकलं. उलटं तर उलटं, ते पान तिला दाखवलं असतंत तर काय बिघडलं असतं? तुम्ही बसच्या रस्त्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "ते दारातून भायेर जाऊन राह्यलं होतं, बाई. ते तिले कसं दाखवू?" शकुन-अपशकुन टाकून दिलेला माणूस तुम्ही! चौकात उभे राहून लोकांना सांगायचात, असल्या गोष्टींना भिऊ नका म्हणून. बस आली, तुम्ही गेलात. माझा राग मात्र तसाच राहिला, फक्त त्याला आता तुमचा तो चेहरा चिकटला.

तुम्ही गेल्यावर तुमच्या चष्म्याच्या डबीत, चष्म्याच्या खाली, त्या दुपारच्या चुरगाळलेल्या कागदात गुंडाळलेला एक खिळा सापडला. पहिल्या पार्सलातला. बाकीचे तुम्ही वितळवायच्या शिशात टाकले होतेत, हे मला माहीत होतं. हा एक का ठेवलात? मी तो उघडला नाही. डबी तशीच ट्रंकेत टाकली आणि इतकी वर्षं टाकून ठेवली. त्या दुकानातून आल्यापासून मात्र जिवाला चैन नव्हतं. आज सकाळी डबी काढली, कागद सोडवला, रॉकेलच्या चिंधीनं वाळलेली शाई पुसली आणि खिडकीत धरला.

बाबा, शिशावर पान सुलटं आहे. कागदावर ते उजवीकडे जातं, म्हणजे खिळ्यावर ते डावीकडेच असणार, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. शेंडा चुलीकडे. जसं मायनं देवळीत काढलं होतं, अगदी तसं. कागद नको, शाई नको, मशीन नको. त्या संध्याकाळी हा नुसता खिळा तिच्या तळहातावर ठेवला असता, तर तिनं तिचं पान बघितलं असतं. बोटानं चाचपलं असतं. तुम्ही तो उजेडाकडे धरलात तेव्हा तेच पान तुमच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तुम्हाला ते उलटं दिसलं.

मी खिडकीतच बसून रडले. सून चहा ठेवून गेली, तो निवला. मग मनात आलं, तुम्हाला हे पुढे कधी कळलं का? कळलं म्हणून हा एक ठेवलात, की नुसतीच चूक म्हणून? कळलं असेल तर त्या डबीतून रोज चष्मा काढताना तुमचं काय होत असेल, याचा विचार मला करवत नाही. म्हणून मी ठरवलंय, तुम्हाला कळलं नव्हतं.

आयुष्यभर तुमच्यावर डागायला मी शब्द शोधत होते आणि आज ते हाती आले. पण हे पत्र कुठं पाठवायचं असतं, तुमचा पत्ता असता आणि पेटी दारासमोर असती, तरी मी ते टाकलं नसतं, बाबा. तुम्ही चपला वाजवत आलात आणि विचारलंत, ट्रंकेत काही सापडलं का, तर मीही दारात उभी राहून सांगेन, नाही सापडलं.